ओपनकास्ट खाणीतल्या पाण्याचा हिशेब जुळत नसेल तर मोजायला सुरुवात कुठून करायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ओपनकास्ट, म्हणजे वरून उघडी खोदलेल्या, कोळसा खाणीत पाण्याच्या नोंदींची जबाबदारी नव्याने अंगावर आली आहे. पंप किती तास चालले त्याची वही आहे, टँकरच्या खेपा लिहिल्या जातात, महिन्यातून एकदा नमुना प्रयोगशाळेत जातो. तरीही वर्षाअखेरीस आलेलं पाणी आणि गेलेलं पाणी यांत मोठी तफावत उरते. मग मोजायचं कुठे, कशाने आणि किती वेळा? ऑनलाइन सेन्सर बसवले तर हे सुटेल का?

सेन्सरचं शेवटी बोलू. आधी त्या तफावतीबद्दल. बहुतेक ठिकाणी ती ‘बाष्पीभवन व इतर’ या रकान्यात ढकलून ताळेबंद जुळवला जातो. असा ताळेबंद हातात आला की मी एकच गणित करतो. त्या रकान्यातला आकडा सगळ्या तलावांच्या क्षेत्रफळाने आणि दिवसांनी भागतो. एकदा उत्तर दिवसाला ३० मिलिमीटर आलं होतं! कडक उन्हाळ्यातही उघड्या तलावातून दिवसाला १० मिलिमीटरच्या वर पाणी सहसा उडत नाही. म्हणजे उरलेलं पाणी कुठेतरी जात होतं आणि त्याचा पत्ता कुणालाच नव्हता. तुमची तफावत तशीच उघडी ठेवा, तिला ‘न सापडलेलं पाणी’ असा स्वतंत्र रकाना द्या आणि ती महिन्यागणिक कशी हलते ते पाहा. पावसाळ्यात वाढत असेल तर चूक पाऊस किंवा पाणलोटाच्या आकड्यात आहे. बारा महिने सारखीच राहत असेल तर मीटर किंवा पंपाच्या आकड्यात. पंपिंग वाढलं की तीही वाढत असेल तर पुढची गोष्ट नीट वाचा.

एका खाणीत भूजलाचा पाझर वर्षभरात जवळजवळ दुप्पट झाल्याचं दिसत होतं. नवा जलधर (पाणी धरून ठेवणारा खडकाचा थर) फुटला, असं सगळे धरून चालले होते. तिसरा पंप मागवायची तयारीही झाली होती. पाणी सम्पमधून (खाणीच्या तळाशी पाणी गोळा होणाऱ्या खड्ड्यातून) उपसून हायवॉलच्या, म्हणजे खाणीच्या उभ्या कड्याच्या, माथ्यावरच्या चरात सोडलं जायचं. मी त्या चराच्या कडेने चालत गेलो. एका वळणावर अस्तर तडकलं होतं आणि तिथून पुढे चरातलं पाणी डोळ्यांना कळेल इतकं कमी झालं होतं. खाली, बरोबर त्याच्या समोर, हायवॉलच्या दुसऱ्या बेंचवर (पायरीवर) ओल होती. उपसलेलं पाणी परत खाणीत येत होतं आणि तेच पुन्हा उपसलं जात होतं. अस्तर दुरुस्त केल्यावर ‘भूजल’ दोन आठवड्यांत खाली आलं. पंपांच्या वहीत चूक कुठेच नव्हती. ती वही फक्त पाणी किती वेळा उचललं ते सांगत होती, किती आलं ते नाही. तेव्हापासून उपसा वाढल्याची तक्रार आली की मी आधी पाणी जिथे सोडलं जातं तिथे जातो, सम्पकडे नंतर.

आता पंपांचे तास. तास गुणिले पाटीवरची क्षमता, हा हिशेब जवळपास नेहमी जास्तच पाणी दाखवतो. पाटीवरचा प्रवाह एका ठराविक हेडला, म्हणजे पाणी उचलायच्या उंचीला, असतो. सम्पची पातळी दहा-बारा मीटर उतरली, पाइप दोनशे मीटर लांबवला, गाळाने इंपेलर (पंपातलं फिरणारं चाक) झिजला, सक्शनच्या जाळीला गवत अडकलं, की प्रवाह घटतो आणि तासांची वही मात्र तीच भाषा बोलत राहते. शक्य असेल तिथे डिलिव्हरी पाइपवर इलेक्ट्रोमॅग्नेटिक मीटर बसवा. तो बसवताना दोन चुका सर्रास होतात. मीटरच्या आधी पुरेसा सरळ पाइप सोडला जात नाही, साधारण पाइपच्या व्यासाच्या पाचपट तरी हवा, बेंडच्या लगेच पुढे बसवलेला मीटर काहीही दाखवतो. दुसरी चूक म्हणजे मीटर उतारावरच्या पाइपवर बसवणं. तिथे पाइप पूर्ण भरलेला नसतो आणि मीटर मात्र भरलेला धरूनच मोजतो. मीटर चढत्या भागावर घ्या.

विजेवर चालणारे पंप असतील तर आणखी एक फुकटची पडताळणी मिळते. १ घनमीटर पाणी १०० मीटर उचलायला तत्त्वतः ०.२७ युनिट वीज लागते. पंप आणि मोटर मिळून कार्यक्षमता ६५ टक्के धरली तर सुमारे ०.४२ युनिट. पाइपमधल्या घर्षणाचं हेड यात मिळवायचं. नोंदीतल्या विजेला नोंदीतल्या पाण्याने भागा. उचल १०० मीटर असताना उत्तर ०.२७ पेक्षा कमी आलं तर पाण्याचा आकडा खोटा आहे, कारण निसर्गनियमाला सवलत नसते. ०.८ आलं तर पंप झिजला आहे, किंवा व्हॉल्व्ह अर्धवट बंद आहे, किंवा मीटर कमी दाखवतो आहे. डिझेल पंपांना हे इतकं नेमकं लागू होत नाही, पण लिटरमागे घनमीटर हा कल तिथेही बोलतो.

सगळ्यात जास्त दुर्लक्षित आकडा साठ्यातल्या बदलाचा. महिन्याच्या पहिल्या आणि शेवटच्या दिवशी सम्पमध्ये किती पाणी होतं हे माहीत नसेल तर बाकीचं सगळं मोजणं फुकट जातं. ५ हेक्टरच्या सम्पमध्ये पातळी फक्त २० सेंटीमीटर चढली तरी १०,००० घनमीटर पाणी साठलेलं असतं. त्यासाठी पातळी आणि साठा यांचा तक्ता लागतो, आणि तो दर मोसमाला नव्याने करावा लागतो. खाण पुढे सरकते, सम्पचा आकार बदलतो, तळाशी गाळ साचतो. दोन वर्षांपूर्वीच्या तक्त्यावर आज पाणी मोजणं म्हणजे जुन्या मापाने नवा सदरा शिवणं. पावसाआधी सम्प रिकामा असतो तेव्हाच सर्वेक्षण करून घ्या. पाण्याखालचा गाळ ड्रोनला दिसत नाही.

पाऊस आणि भूजल वेगळे कसे करायचे हा तुमचा पुढचा प्रश्न असेल. कोरडा काळ वापरा. शेवटच्या पावसानंतर दोन-तीन आठवडे जाऊ द्या, मग शक्यतो सगळे पंप बारा तास बंद ठेवून सम्पची पातळी दर तासाला लिहा. ही चाचणी रात्री केली तर बाष्पीभवनही जवळपास बाजूला पडतं. पातळीतली वाढ तक्त्यावरून घनमीटरमध्ये आणली की भूजलाचा पाझर मिळतो. पंप बंद ठेवणं परवडत नसेल तर उपसलेलं पाणी त्यात मिळवा, पण मग मीटरची चूकही सोबत येते. वर्षातून तीन-चार वेळा केलेली ही चाचणी महागड्या भूजल मॉडेलला जमिनीवर ठेवते. मॉडेलला माझा विरोध नाही, पण मोजलेल्या पाझराशी न जुळवलेलं मॉडेल नुसतं रंगीत चित्र असतं.

पावसासाठी पर्जन्यमापक खाणीतच हवा. मोठ्या खाणीत दोन तरी लागतात, आणि ते डंपरच्या धुळीपासून व उंच डंपच्या (खोदून काढलेल्या दगड-मातीच्या ढिगाच्या) आडोशापासून दूर हवेत. १ मिलिमीटर पाऊस १ हेक्टरवर पडला की १० घनमीटर पाणी होतं, हे गणित तोंडपाठ ठेवा. उदाहरण घ्या: खाणीत उतरणारा पाणलोट २०० हेक्टर आहे आणि एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला. त्यातलं ७० टक्के वाहून आलं तर सम्पमध्ये १,४०,००० घनमीटर उतरतं. तासाला ३०० घनमीटरचा पंप दिवसाचे २० तास चालला तर ते उपसायला तेवीस दिवस, असे तीन पंप असले तरी आठवडाभर. म्हणून पंप वाढवण्याआधी पाणलोट कमी करता येतो का ते बघावं. माथ्यावरच्या गारलँड ड्रेनने (खाणीभोवतीच्या चराने) ५० हेक्टरचं पाणी बाहेरच्या बाहेर वळवलं तर त्या एका दिवशी ३५,००० घनमीटर उचलायचं वाचतं, आणि ते पाणी कोळशाला न शिवता स्वच्छ बाहेर जातं.

हे ७० टक्के मात्र पुस्तकातून उचलून कायमचे चिकटवू नका. दाबलेल्या हॉलरोडवरचं (डंपरच्या रस्त्यावरचं) जवळजवळ सगळं पाणी वाहतं. ताज्या ओबी (कोळशावरून काढलेली दगड-माती) डंपवर पहिले काही पाऊस आत मुरतात, चर कोरडे दिसतात, आणि तेच पाणी कित्येक आठवड्यांनी डंपच्या पायथ्याशी झरा होऊन निघतं. तुमची तफावत पावसाळ्यात ‘हरवते’ आणि नंतर ‘सापडते’ असं असेल तर ते पाणी बहुधा डंपमध्ये आहे.

डंपबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण इथे पाण्याचं मोजमाप हा नुसता हिशेब उरत नाही. वेल्समधल्या अ‍ॅबरफान इथे २१ ऑक्टोबर १९६६ रोजी कोळसा खाणीच्या टाकाऊ मालाचा ढीग घसरून खालच्या शाळेवर आला. १४४ माणसं गेली, त्यांतली ११६ मुलं होती. तो ढीग झऱ्यांवर रचला होता, आणि झरे नकाशावर होते. खाण भूमिगत होती, पण ढीग तर जमिनीवरच रचला होता. डंपच्या आत पाणी भरलं की दगड-मातीचे कण एकमेकांवर टाकतात तो भार पाणी अंशतः उचलतं, घर्षण कमी होतं आणि उतार सुटतो. म्हणून डंपखालच्या जमिनीवर जुना ओढा, झरा किंवा दलदल कुठे होती हे खाण सुरू होण्याआधीच्या नकाशावरून शोधून काढा आणि तिथल्या पायथ्यावर पहिला मापनबिंदू ठेवा. पायथ्याच्या झऱ्याचा प्रवाह अचानक वाढला तर काळजी करा. पावसाळ्यात तो अचानक थांबला तर जास्त काळजी करा, कारण पाणी आत कोंडलं असण्याची शक्यता आहे. तो गढूळ झाला तर आतली माती वाहून येते आहे. डंपमध्ये आणि हायवॉलमागे पीझोमीटर (आतल्या पाण्याचा दाब मोजणारी नळी) असतील तर त्यांचं वाचन पावसाच्या आकड्याशेजारीच लिहा. वेगळ्या फाइलीत ठेवलेलं पीझोमीटरचं वाचन सहसा अपघातानंतरच उघडलं जातं. बेंचच्या कडेला समांतर फट दिसली तर ती त्याच दिवशी दाबून बुजवा आणि पाणी तिच्यापासून वळवा. पाण्याने भरलेली फट उताराला मागून ढकलते.

चरांची तपासणी कार्यालयात बसून होत नाही. पाऊस पडत असताना, सुरक्षित असेल तिथून, चालत किंवा गाडीने फिरून बघा. कोरड्या दिवशी प्रत्येक चर चांगलाच दिसतो. माझ्या अनुभवात चर मधोमध क्वचित फुटतो. तो फुटतो हॉलरोडखालच्या पाइपच्या तोंडाशी, वळणावर, आणि जिथे डंपरमधून सांडलेला कोळसा कडेला साचतो तिथे. रुंद चराची एक तृतीयांश खोली गाळाने भरली की त्याची वहनक्षमता जवळपास निम्मी होते. ‘थोडाच गाळ आहे’ हे वाक्य ऐकलं की मी काठी टाकून मोजतो. दुसरं असं की खाण दर महिन्याला सरकते, त्यामुळे पाणलोटही सरकतो. महिन्याचं सर्वेक्षण आलं की कुठलं पाणी कुठल्या चरात जातं याचा नकाशा त्याच आठवड्यात बदलायचा. हे काम कुणाच्याच नावावर नसतं, म्हणून ते तुमच्या नावावर घ्या.

चरातला प्रवाह मोजायला ९० अंशाची व्ही-नॉच (व्ही आकाराची खाच असलेली आडवी पाटी) सगळ्यात स्वस्त. खाचेच्या टोकापासून वरची पाण्याची उंची मीटरमध्ये घ्यायची, तिचा अडीचावा घात काढून १.३८ ने गुणायचं, उत्तर सेकंदाला घनमीटरमध्ये येतं. उंची २० सेंटीमीटर असेल तर सेकंदाला सुमारे २५ लिटर, २१ असेल तर २८. एका सेंटीमीटरच्या चुकीने प्रवाह १३ टक्क्यांनी चुकतो! म्हणून पट्टी नॉचच्या अगदी जवळ, जिथे पाणी वाकून खाली पडतं, तिथे लावायची नाही. थोडी मागे, शांत पाण्यात लावायची. मागे गाळ साचला की काढायचा. गाळ फार येत असेल तर पार्शल फ्लूम (मध्ये अरुंद होणारी मोजमापाची नाली) घ्या, त्यातून गाळ वाहून जातो.

वापराच्या बाजूला मी फार वेळ घालवत नाही, कारण तिथलं पाणी पंपिंगच्या मानाने थोडं असतं. टँकरच्या खेपा मोजू नका, भरण्याच्या नळावर मीटर लावा. २८ हजार लिटरचा टँकर प्रत्येक खेपेला पूर्ण भरलेला असतो यावर फक्त वही विश्वास ठेवते. वॉशरी (कोळसा धुण्याचा कारखाना) असेल तर कोळशासोबत बाहेर जाणारं पाणी धरायला विसरू नका. ६ टक्के ओलाव्याचा १,००० टन कोळसा १० टक्के होऊन निघाला तर त्याच्याबरोबर सुमारे ४४ घनमीटर पाणी जातं. बाहेरून घेतलेलं पाणी, खाणीत आलेलं पाणी आणि पुन्हा वापरलेलं पाणी हे तीन रकाने वेगळे ठेवा. तेच पाणी दोनदा वापरलं तर वापर दोनदा लिहायचा, पण आवक एकदाच.

आता सोडलेल्या पाण्याची गुणवत्ता. सेटलिंग पाँडमध्ये (गाळ खाली बसवण्याच्या तलावात) गाळ का बसत नाही ही तक्रार नेहमीची. स्टोक्सच्या नियमाने १० मायक्रॉनचा मातीचा कण स्थिर पाण्यात सेकंदाला सुमारे ०.०९ मिलिमीटर खाली जातो. सेकंदाला १०० लिटर प्रवाहासाठी असा कण बसवायला आदर्श स्थितीत १,१०० चौरस मीटर तलाव पुरतो. कण २ मायक्रॉनचा असेल तर वेग पंचवीसपट कमी, म्हणजे पावणेतीन हेक्टर तलाव! एवढी जागा कुणी देत नाही. त्यामुळे चिकणमाती असेल तर तलाव मोठा करण्यापेक्षा फ्लॉक्युलंटची (बारीक कणांचे गोळे करणाऱ्या रसायनाची) चाचणी करा. कोळशाची भुकटी आणखी छळते. तिची सापेक्ष घनता १.३-१.४ च्या आसपास, मातीची २.६५, त्यामुळे त्याच आकाराचा कोळशाचा कण मातीच्या कणाच्या साधारण पाचव्या हिश्श्याच्या वेगाने बसतो. भर म्हणून काळा कण प्रकाश गिळतो, त्यामुळे गढूळपणाचा सेन्सर कोळशाच्या पाण्यात कमी आकडा दाखवतो. सेन्सरचा आकडा आणि प्रयोगशाळेतले निलंबित घन पदार्थ यांचं नातं तुमच्याच पाण्यावर, माती जास्त आणि कोळसा जास्त अशा दोन्ही दिवशी, बसवून घ्या.

महिन्यातून एकदा, ठरलेल्या तारखेला घेतलेला नमुना बहुतेक वेळा शांत पाण्याचाच असतो. गाळ वाहतो तो मोठ्या पावसाच्या पहिल्या तासाभरात. तारखेचा नमुना नियमासाठी घ्या, पण पावसाचाही घ्या, आणि दोन्ही वेळी ओढ्यावर तुमच्या विसर्गाच्या वरच्या अंगालाही एक घ्या. वरूनच गढूळ पाणी येत असेल तर तो पुरावा नंतर तयार करता येत नाही. पीएच जागेवरच मोजा. विरघळलेल्या धातूंसाठीचा नमुना ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून जागेवर गाळा. बाटलीतून प्रवास करेपर्यंत लोह तळाला बसलेलं असतं.

पीएच ७ दिसला म्हणून निर्धास्त राहू नका. कोळशाभोवतीच्या खडकातलं पायराइट (लोह आणि गंधकाचं खनिज) हवा आणि पाणी लागून सल्फ्यूरिक आम्ल तयार करतं. १ टक्का पायराइटी गंधक असलेल्या एका टन खडकातून पूर्ण ऑक्सिडेशननंतर ३०.६ किलो आम्ल निघू शकतं. शेजारी चुनखडी असली तर ते तिथल्या तिथे शमतं आणि पीएच वर्षानुवर्षं हलत नाही. सल्फेट मात्र चढत राहतं, त्यापाठोपाठ ईसी (पाण्याची विद्युतवाहकता, ती क्षारांबरोबर वाढते). चुना संपला की पीएच कोसळतो, आणि तोवर डंप उलटवणं शक्य नसतं. म्हणून मी पीएचच्या आलेखाआधी सल्फेटचा पाहतो, आणि त्याशेजारी अल्कलिनिटीचा (आम्ल शमवण्याच्या क्षमतेचा). पूर्व जर्मनीतल्या लुसेशियामध्ये लिग्नाइटच्या खाणी बंद झाल्यावर भूजल परत वर आलं आणि स्प्री नदी लोहाच्या गाळाने तपकिरी झाली. खाणीत उपसा चालू असताना हे पाणी ताब्यात असतं. पंप थांबल्यावर कुठे जाईल याचा अंदाज आजच्या नमुन्यांतूनच बांधावा लागतो.

खारटपणाही याच हिशेबात येतो. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये २०१०-११ च्या पुरात अनेक कोळसा खाणी पाण्याने भरल्या आणि ते पाणी बराच काळ आतच अडकलं, कारण विसर्गाच्या परवान्यात क्षारांची मर्यादा होती. तुमच्या परवान्यात अशी अट असेल तर सम्पच्या ईसीची नोंद पातळीइतकीच नियमित ठेवा. नदीला पूर असतो तेव्हा पाणी सोडण्याची मुभा मिळू शकते, पण तेव्हा आकडे हातात तयार हवेत.

आता सेन्सर. सगळं एकदम घेऊ नका. पैसे मर्यादित असतील तर पहिला सम्पच्या पातळीचा, दुसरा शेवटच्या विसर्गावर प्रवाह आणि ईसीचा. गढूळपणाचा नंतर, कारण त्याच्या काचेवर शेवाळ आणि भुकटी बसते, आणि दर आठवड्याला पुसणारा माणूस नसेल तर तो महिन्याभरात शोभेचा होतो. प्रत्येक इशारापातळीसमोर काय करायचं आणि कुणी करायचं ते लिहा: या पातळीला दुसरा पंप, या पातळीला खालच्या बेंचवरची यंत्रं वर, या पातळीला काम बंद. रात्रपाळीच्या माणसाला ती पातळी फोन न करता वाचता आली पाहिजे, म्हणून सेन्सरशेजारी साधी रंगवलेली मोजपट्टी उभी करा. तिच्यावर तळापासून शून्य-एक-दोन असे आकडे घालू नका, सर्वेक्षणातली समुद्रसपाटीपासूनची पातळी लिहा. सम्प पुढच्या वर्षी दुसरीकडे सरकला तरी जुन्या नोंदी त्याच मापात वाचता येतात.